जोकरचे हसू नेमके कोणाचे?

#धागा #चित्रपट_इतिहास

१/
ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जोकर’ प्रदर्शित होण्यापूर्वीच दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी एका मुलाखतीत सांगून टाकले होते, की या चित्रपटासाठी कॉमिक्समधले काहीही प्रमाण मानलेले नाही. बॅटमॅनच्या निष्ठावंत वाचकांना हे फारसे रुचले नाही. प्रत्यक्ष चित्रपटात मात्र जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगामागे एखादे जुने पान, एखादा जुना चित्रपट किंवा न्यूयॉर्कच्या इतिहासातली एखादी जखम दडलेली आहे. या खुणांचा माग काढत गेले, की वाट थेट १८६९ सालच्या एका फ्रेंच कादंबरीपाशी पोहोचते. त्या वाटेवर एक प्रश्न सतत भेटत राहतो : हे हसू मुळात घडवले कोणी, आणि त्याचे श्रेय मिळाले कोणाला?

(पुढे चित्रपटाचे कथानक उघड होते. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी आधी पाहावा.)

२/
कथा थोडक्यात अशी. आर्थर फ्लेक हा गॉथम शहरात भाड्याने विदूषक होणारा एक एकाकी माणूस. त्याला विनोदवीर व्हायचे आहे. पण त्याला एक विकार आहे. नको त्या वेळी त्याला अनावर हसू येते आणि ते थांबवणे त्याच्या हातात नसते. आजारी आई, अपुरे औषधपाणी, रस्त्यावरची मारहाण आणि उपहास यांतून तो हळूहळू खुनी होतो, आणि शेवटी पेटलेल्या शहराचा नायकही. पटकथा फिलिप्स आणि स्कॉट सिल्वर यांची. आर्थरच्या भूमिकेत वाकीन फिनिक्स.

३/
पहिलाच प्रसंग पाहा. आर्थर आरशासमोर रंग लावतो आहे. तो दोन बोटांनी ओठांचे कोपरे आधी खाली ओढतो, मग बळेच वर ताणतो. चेहरा हसतो, आणि डोळ्यातून एक थेंब रंगावरून ओघळतो. पुढे वेन कुटुंबाच्या फाटकापाशी लहानग्या ब्रूसच्या ओठांनाही तो बोटे लावून असेच हसू ‘चढवतो’. हसू आतून उमलत नाही, ते बाहेरून लादले जाते, ही या चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना आहे. आणि तीच कल्पना दीडशे वर्षे जुनी आहे.

४/
व्हिक्टर ह्युगो यांनी हद्दपारीत असताना ‘हसणारा माणूस’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली. ती १८६९ साली प्रसिद्ध झाली. कथा इंग्लंडमध्ये घडते. ग्विनप्लेन हा एका सरदाराचा मुलगा. राजाच्या मर्जीने त्याला लहानपणीच मुले विद्रूप करणाऱ्या टोळीच्या हाती दिले जाते, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर कायमचे हास्य कोरतात. मोठेपणी तो जत्रेतला विदूषक होतो. लोक त्याला पाहून पोट धरून हसतात. तो रडत असला, तरी त्याचा चेहरा हसतच असतो.

५/
कादंबरीचा कळस ब्रिटिश उमरावांच्या सभागृहात आहे. आपण सरदारपुत्र आहोत, हे कळल्यावर ग्विनप्लेन तिथे उभा राहतो आणि गरिबांच्या हालअपेष्टांबद्दल कळवळून बोलतो. मोठ्या प्रयत्नाने तो चेहऱ्यावरचे हसू क्षणभर आवरतो. पण भावना अनावर होते, हसू परत उमटते आणि सारे सभागृह खदखदून हसू लागते. जे ऐकण्यासारखे होते, ते कोणी ऐकत नाही. जे पाहण्यासारखे नव्हते, तेच सर्वांना दिसते.

आता आर्थर आठवा. आपण धनाढ्य थॉमस वेन यांचे पुत्र आहोत, असे त्याला आईच्या पत्रावरून वाटू लागते. अनावर हसू, उच्च कुळाचा दावा आणि भरसभेत झालेला उपहास या तिन्ही गोष्टी ह्युगोच्या कथेत आधीच हजर आहेत.

६/
१९२८ साली हॉलिवूडमध्ये या कादंबरीवर मूकपट निघाला. दिग्दर्शक पॉल लेनी. ग्विनप्लेनच्या भूमिकेत जर्मन नट कॉनराड फाइट. ओठांचे कोपरे सतत मागे खेचलेले राहावेत, म्हणून त्यांच्या तोंडात खास कवळी बसवली जाई. ती लावून बोलणे अशक्यच होते. त्यामुळे सगळा अभिनय उरला तो डोळ्यांत : खाली दात विचकलेले, वर डोळे भरून आलेले.

फाइट यांचे पुढचे आयुष्यही विलक्षण ठरले. नाझी सत्तेवर येताच १९३३ साली त्यांनी आपल्या ज्यू पत्नीसह जर्मनी सोडली. पुढे ‘कॅसाब्लँका’मध्ये (१९४२) त्यांनीच नाझी अधिकारी रंगवला.

७/
या मूकपटातले फाइट यांचे एक छायाचित्र १९४० साली न्यूयॉर्कमधल्या तीन तरुणांच्या हाती आले, आणि त्यातून जोकर जन्मला. हे तिघे म्हणजे चित्रकार बॉब केन, लेखक बिल फिंगर आणि साहाय्यक चित्रकार जेरी रॉबिन्सन. केन आणि फिंगर दोघेही पंचविशीच्या आत-बाहेरचे. रॉबिन्सन तर जेमतेम अठरा वर्षांचे, कोलंबिया विद्यापीठात शिकणारे.

बॅटमॅन त्याआधीच, मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात अवतरला होता. आता त्याच्या नावाने स्वतंत्र नियतकालिक निघणार होते, आणि त्याला तोडीस तोड शत्रू हवा होता.

८/
जोकर नेमका कोणाचा, यावर तिघांचे कधीच एकमत झाले नाही. रॉबिन्सन शेवटपर्यंत सांगत राहिले, की कल्पना त्यांची. पत्त्यांतला जोकर पाहून त्यांनी पहिले रेखाटन केले, आणि फाइट यांचे छायाचित्र फिंगर यांनी नंतर आणले. केन यांचे म्हणणे उलट होते : पात्र केन आणि फिंगर यांचे, छायाचित्र फिंगर यांनी दाखवले, रॉबिन्सन यांनी फक्त पत्ता आणला.

दोन्ही कहाण्यांत एक गोष्ट मात्र समान आहे. ते छायाचित्र बिल फिंगर यांनी आणले. म्हणजे ह्युगोच्या ग्विनप्लेनचे हसू गॉथममध्ये आणणारा हात त्यांचा. हे नाव लक्षात असू द्यावे. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

९/
१९४० च्या वसंतात ‘बॅटमॅन’चा पहिला अंक आला. त्यातला जोकर आपल्या पहिल्या गुन्ह्याची घोषणा कशी करतो? रेडिओवरून. अमुक धनाढ्य मध्यरात्री मरेल, असे तो श्रोत्यांना ऐकवतो आणि ते खरे करून दाखवतो. त्याच्या विषाने मेलेल्यांच्या ओठांवर हसू गोठलेले असते.

म्हणजे जन्मापासूनच जोकरला प्रेक्षक लागतो. २०१९ च्या चित्रपटात आर्थर दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात खून करतो. माध्यम बदलले, खोड तीच राहिली.

१०/
त्याच पहिल्या अंकाच्या शेवटी जोकर मरणार होता. शत्रू वारंवार परत आला, तर नायक नालायक ठरेल, असे लेखकाचे मत होते. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना मात्र हा खलनायक वाया घालवणे परवडणारे वाटले नाही. ऐनवेळी शेवटी एक चौकट वाढवण्यात आली : जोकर अजून जिवंत आहे. त्या एका चौकटीवर पुढची ऐंशी वर्षे उभी आहेत.

आणखी एक दुवा पाहा. कॉमिक्समधला जोकर प्रेताशेजारी पत्ता ठेवून जातो. चित्रपटातला आर्थर बसमध्ये अनोळखी बाईच्या हाती एक कार्ड देतो : हसण्याबद्दल क्षमा असावी, हा आजार आहे, अशा अर्थाचे. धमकीचे कार्ड इथे माफीचे कार्ड झाले आहे.

११/
गंमत अशी, की पहिल्या अंकात जोकरला भूतकाळच नाही. नाव नाही, गाव नाही, कारण नाही. त्याला पहिला पूर्वेतिहास मिळाला तो अकरा वर्षांनी, फेब्रुवारी १९५१ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या १६८ व्या अंकात. लाल मुखवट्याचा एक चोर रसायनांच्या कुंडातून पोहून निसटतो आणि त्याचा चेहरा पांढरा, केस हिरवे होतात. ही कथा कोणी लिहिली? बिल फिंगर यांनीच.

१२/
१९८८ साली लेखक ॲलन मूर आणि चित्रकार ब्रायन बोलंड यांनी ‘द किलिंग जोक’मध्ये या रसायनाच्या कुंडामागे एक माणूस उभा केला : अपयशी विनोदवीर, घरी गरोदर पत्नी, खिशात पैसा नाही. एकाच भयंकर दिवसात त्याचे सर्वस्व जाते आणि त्याचे भान सुटते. पण त्याच पुस्तकात जोकर सांगतो, की त्याला आपला भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा.

फिलिप्स यांनी कुंड टाकून दिले, अपयशी विनोदवीर ठेवला. आणि तो धूसरपणाही ठेवला. शेजारीण सोफीशी जुळलेले नाते आर्थरच्या मनातले खेळ ठरते. अखेरच्या प्रसंगात तो रुग्णालयात हसत बसलेला दिसतो, तेव्हा आधीचे सगळे घडले होते की नाही, ही शंका प्रेक्षकाच्या मनात उरतेच. कॉमिक्समधले काहीही प्रमाण मानले नाही, या विधानाचा खरा अर्थ इथे उलगडतो. जोकरच्या बाबतीत प्रमाण असा भूतकाळ कॉमिक्सनेही कधी मानला नव्हता.

१३/
दूरचित्रवाणीवरच्या त्या प्रसंगाचे मूळही कॉमिक्सच्या पानांत आहे. फ्रँक मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये (१९८६) जोकर गप्पांच्या एका कार्यक्रमात पाहुणा म्हणून येतो. तिथे हजर असलेल्या, लैंगिक सल्ला देणाऱ्या वृद्ध डॉक्टरीणबाईंचे तो चुंबन घेतो आणि मग सगळा स्टुडिओ विषारी वायूने संपवतो. चित्रपटात आर्थर मंचावर येताच डॉक्टर सॅली या पाहुणीचे चुंबन घेतो. प्रेक्षागृहात पुष्कळांना तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटला; मिलर वाचलेल्यांच्या अंगावर मात्र तिथेच काटा आला, कारण पुढे काय येणार, हे त्यांना ठाऊक होते.

१४/
वेन दांपत्याच्या खुनाचा प्रसंगही असाच थरांनी बनला आहे. नोव्हेंबर १९३९ च्या ३३ व्या अंकात ही घटना प्रथम आली, तेव्हा कुटुंब फक्त ‘सिनेमाहून’ परतत होते. मिलर यांनी १९८६ साली त्या सिनेमाला नाव दिले, ‘द मार्क ऑफ झोरो’, आणि आईच्या गळ्यातून तुटून विखुरणारे मोती अजरामर केले.

‘जोकर’मध्ये मोती विखुरतातच. चित्रपटगृहाच्या पाटीवर ‘झोरो, द गे ब्लेड’ आणि ‘ब्लो आउट’ ही नावे दिसतात. दोन्ही चित्रपट १९८१ चे. म्हणजे एका पाटीने दोन कामे केली : कॉमिक्सच्या झोरोला सलाम, आणि कथेचे साल कोणते, याची चोख नोंद. मुखवटा घालून अन्यायाशी लढणाऱ्या झोरोची जागा मात्र इथे त्याच्या विडंबनपटाने घेतली आहे.

१५/
नावांचाही इतिहास आहे. न्यूयॉर्कला ‘गॉथम’ हे थट्टेचे नाव १८०७ साली लेखक वॉशिंग्टन अर्विंग यांनी दिले. ते मुळात इंग्लंडमधल्या, मूर्खांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका गावाचे. बॅटमॅनच्या शहराला ते चिकटवले बिल फिंगर यांनी. टेलिफोनच्या डिरेक्टरीत ‘गॉथम’ नावाच्या एका जवाहिऱ्याचे दुकान त्यांच्या नजरेस पडले होते.

आर्थर जिथे आईची जुनी कागदपत्रे हिसकावतो, ते ‘आर्कहॅम’ मात्र बरेच उशिरा आले : १९७४ च्या ‘बॅटमॅन’च्या २५८ व्या अंकात, लेखक डेनी ओ’नील. नाव घेतले भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या काल्पनिक गावावरून.

१६/
कॉमिक्स बाजूला ठेवून शहराकडे पाहू. चित्रपट सुरू होताच वॉर्नर ब्रदर्सचे चिन्ह दिसते ते आजचे नव्हे, तर सॉल बास या नामांकित संकल्पनकाराने सत्तरच्या दशकात केलेले. प्रेक्षकाला पहिल्याच क्षणी काळात मागे नेण्याची ही युक्ती.

त्यापाठोपाठ कचऱ्याचे ढीग येतात. गॉथममधला सफाई कामगारांचा संप कल्पित असला, तरी न्यूयॉर्कने तो अनुभवला होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये तिथले सफाई कामगार नऊ दिवस संपावर होते आणि पदपथ कचऱ्याखाली गाडले गेले होते. १९७५ साली तर शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले. नोकऱ्या आणि सार्वजनिक सेवा यांवर कुऱ्हाड चालली. आर्थरची समुपदेशक त्याला सांगते, की निधी बंद झाल्याने कार्यालयच बंद होत आहे आणि औषधेही मिळणार नाहीत. ते संभाषण त्या दशकाचे आहे.

१७/
रेल्वेतला गोळीबार पाहताना अमेरिकी प्रेक्षकांना एक खरी घटना आठवली. २२ डिसेंबर १९८४ रोजी बर्नहार्ड गेट्स या गोऱ्या माणसाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. चौघेही वाचले, एकाला कायमचे अपंगत्व आले. गुन्हेगारीला कंटाळलेल्या अनेकांनी गेट्सला डोक्यावर घेतले. १९८७ साली ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले आणि केवळ बेकायदा शस्त्राबद्दल दोषी ठरवले.

चित्रपटाने यात एक मोठा फेरफार केला. आर्थरच्या गोळ्यांना बळी पडतात ते वेन यांच्या कंपनीतले सुस्थितीतले, गोरे, मद्यधुंद तरुण. वर्णाचा प्रश्न बाजूला सरकवून वर्गाचा प्रश्न पुढे आणला गेला. हा बदल पुष्कळांना खटकला, आणि तो खटकावा असाच आहे. इतिहासातून काय उचलले, याइतकेच काय गाळले, हेही तपासावे लागते.

१८/
चित्रपटाचे चित्रपटांशी असलेले नातेही जुळवून पाहावे. सूत्रसंचालक मरे फ्रँकलिनच्या भूमिकेत रॉबर्ट डी नीरो आहेत. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द किंग ऑफ कॉमेडी’मध्ये (१९८२) याच डी नीरो यांनी एका प्रसिद्ध सूत्रसंचालकाच्या मागे वेडा झालेला होतकरू विनोदवीर रंगवला होता. तेव्हा ते पायऱ्यांवर ताटकळत होते. आता खुर्चीत आहेत. डोक्याशी बोटांचे पिस्तूल धरण्याची खूण ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची (१९७६), आणि तिथेही नायक डी नीरोच.

१९/
चॅप्लिन यांचा संदर्भ सर्वांत बोचरा. बाहेर निदर्शक घोषणा देत असताना आत उंची पोशाखांतले गॉथमचे धनिक ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) पाहून मनमुराद हसत आहेत. पडद्यावर चॅप्लिन डोळ्यांवर पट्टी बांधून, चाकांच्या बुटांवर, उघड्या कड्याच्या अगदी काठाशी गिरक्या घेत आहेत. महामंदीतल्या बेकार कामगाराची ती कथा. आणि तिला हसत आहेत ते त्या कामगाराशी काही देणेघेणे नसलेले लोक. नोकराच्या वेशात आत शिरलेला आर्थरही क्षणभर त्यांच्याबरोबर हसतो. ह्युगोचे उमरावांचे सभागृह इथे पुन्हा भरले आहे.

२०/
आता पडद्यामागे. या भूमिकेसाठी फिनिक्स यांनी सुमारे २४ किलो वजन घटवले. हास्यविकाराने पीडित माणसांच्या चित्रफिती त्यांनी अभ्यासल्या. त्या हसण्यात आनंदाचा लवलेशही नसतो, उलट वेदना असते, हे त्यांच्या लक्षात आले होते. ते हसू आपल्याला जमेल की नाही, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी फिलिप्स यांना समोर बसवून जणू हसण्याची चाचणीच दिली. आर्थरची विनोदांची वही तर फिनिक्स यांनी चित्रीकरणापूर्वीच स्वतः लिहायला घेतली होती.

२१/
संगीताचा क्रमही उलटा आहे. बहुधा चित्रीकरण आधी होते, पार्श्वसंगीत नंतर. इथे आइसलँडच्या हिल्डुर गुदनादोत्तिर यांनी पटकथा वाचून चित्रीकरणाआधीच चेलोवर सुरावटी रचल्या.

रेल्वेतल्या खुनांनंतर आर्थर सार्वजनिक शौचालयात शिरतो. पटकथेनुसार तिथे त्याने पिस्तूल लपवायचे आणि रंग धुवायचा होता. पण ते कोणाला पटेना. तेव्हा फिलिप्स यांनी नुकतीच हाती आलेली ती सुरावट फिनिक्स यांना ऐकवली, आणि फिनिक्स यांचे पाऊल संथपणे हलू लागले. खुनानंतरचे ते नृत्य कोणीही लिहिलेले नव्हते. आर्थरमधला जोकर जन्मला तो क्षण चेलोच्या सुरांनी घडवला.

२२/
७ सप्टेंबर २०१९ रोजी व्हेनिसच्या महोत्सवात ‘जोकर’ला सुवर्णसिंह मिळाला, कॉमिक्समधल्या पात्रावरच्या चित्रपटाला हा मान प्रथमच मिळाला. पुढे ऑस्करची अकरा नामांकने, त्यांपैकी दोन पुरस्कार : फिनिक्स आणि गुदनादोत्तिर. जगभरातली कमाई एक अब्ज डॉलरपलीकडे; केवळ प्रौढांसाठीच्या वर्गातला हा पल्ला गाठणारा हा पहिला चित्रपट.

हीथ लेजर यांना ‘द डार्क नाइट’मधल्या (२००८) जोकरसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळाले होते. एकाच पात्रासाठी दोन नटांना ऑस्कर, असे त्यापूर्वी एकदाच घडले होते : ‘गॉडफादर’ मालिकेतला व्हिटो कॉर्लिओने. ते दोन नट म्हणजे मार्लन ब्रँडो आणि रॉबर्ट डी नीरो!

२३/
आता परत बिल फिंगर यांच्याकडे.

केन यांनी १९३९ साली बॅटमॅनचे पहिले चित्र काढले, तेव्हा तो लाल कपड्यांत होता. डोळ्यांवर छोटीशी पट्टी आणि पाठीला ताठ पंख. फिंगर यांनी सुचवले : टोकदार कानांचा मुखवटा घ्या, पंखांऐवजी झूल घ्या, हातमोजे द्या, रंग करडा करा. ब्रूस वेन हे नाव त्यांचे, गॉथम त्यांचे, सुरुवातीच्या असंख्य कथा त्यांच्या. ते चपलांच्या दुकानात काम करता करता लिहू लागले होते. विचित्र माहिती, कल्पना, क्लृप्त्या टिपून ठेवण्यासाठी त्यांच्याकडे वह्या असत. त्या वह्यांची ख्याती त्यांच्या सहकाऱ्यांत मोठी होती.

प्रकाशकाशी करार मात्र केन यांनी एकट्याने केला. त्यामुळे मासिकावर नाव छापले गेले ते एकट्या केन यांचे.

२४/
१९६५ साली न्यूयॉर्कमधल्या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात फिंगर प्रथमच जाहीरपणे बोलले, आणि जेरी बेल्स या अभ्यासू चाहत्याने त्यावरून लेख लिहिला. केन यांनी तत्काळ खुले पत्र लिहून सारे श्रेय स्वतःकडे घेतले. फिंगर यांच्या हयातीत बॅटमॅनशी त्यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते एकदाच : १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या दोन भागांच्या एका कथेचे सहलेखक म्हणून.

जानेवारी १९७४ मध्ये, साठी गाठण्याच्या तीन आठवडे आधी, ते वारले. केन यांनी १९८९ च्या आत्मचरित्रात त्यांचा वाटा मान्य केला आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याची खंत व्यक्त केली. तोवर ती ऐकायला फिंगर उरले नव्हते.

२५/
पुढची लढाई दुसऱ्यांनी लढली. लेखक मार्क टायलर नोबलमन यांनी वर्षानुवर्षे कागद धुंडाळून २०१२ साली फिंगर यांच्यावर पुस्तक काढले. फिंगर यांची नात अथीना हक्कासाठी पुढे आली. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने श्रेय देण्याचे मान्य केले, आणि २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’च्या श्रेयनामावलीत फिंगर यांचे नाव झळकले. बॅटमॅनच्या जन्मानंतर तब्बल ७७ वर्षांनी. तेही ‘केन आणि फिंगर’ असे नव्हे, तर ‘केन, फिंगर यांच्यासह’ असे.

‘हसतील त्याचे दात दिसतील’ असे म्हणून मराठी माणूस उपहास झटकून टाकतो. उपहास झटकता येतो. विस्मरण झटकता येत नाही. कारण ज्याला झटकायचे, तोच कोणाला दिसत नसतो. कोणाच्याही नजरेत न भरणारा आर्थर हातात पिस्तूल घेतो आणि शहर त्याला ओळखू लागते. फिंगर आयुष्यभर वही घेऊन बसले, आणि त्यांना कोणी ओळखले नाही. आर्थरची कथा इतकी अस्वस्थ करते, त्याचे एक कारण या तुलनेत सापडते : जग कोणाकडे आणि कशामुळे वळून पाहते, याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच लाजिरवाणे आहे.

२६/
शेवटी, त्या पायऱ्या. लाल सूट घातलेला आर्थर ज्या उंच जिन्यावरून नाचत उतरतो, तो जिना न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १६७ व्या रस्त्याच्या चढावर, शेक्सपिअर आणि अँडरसन या मार्गांच्या दरम्यान आहे. चित्रपट येताच जगभरचे पर्यटक तिथे नाचायला लोटले. रोज बाजारहाटाच्या पिशव्या घेऊन तो जिना चढणारे रहिवासी मात्र वैतागले.

केन आणि फिंगर हे दोघेही ब्राँक्सचेच. तिथल्या डीविट क्लिंटन विद्यालयात दोघे शिकले. पुढे ‘मार्व्हल’ गाजवणारे स्टॅन लीही तिथलेच विद्यार्थी. त्या जिन्यापासून उत्तरेला सुमारे चार किलोमीटरवर ‘पो पार्क’ आहे; कवी एडगर ॲलन पो यांचे घर तिथे जपले आहे. त्याच बागेतल्या बाकांवर बसून केन आणि फिंगर यांनी बॅटमॅनच्या कथा रचल्या. डिसेंबर २०१७ पासून बागेलगतच्या कोपऱ्यावर रस्त्याची एक हिरवी पाटी आहे : ‘बिल फिंगर वे’.

जिन्यापाशी गर्दी असते. पाटीपाशी फारसे कोणी थांबत नाही. ब्राँक्सला जाण्याचा योग आलाच, तर जिना उतरून झाल्यावर चार किलोमीटर उत्तरेला जावे.